नातीची गाठ

इतवारीतील एका सराफी कुटुंबात चार महिन्यांच्या नातीच्या कानाखाली मऊ गाठ आली आणि महिनाभरात सुपारीएवढी झाली. मनातला शब्द घरात कोणीच उच्चारला नाही. सोनोग्राफीत रक्तवाहिन्यांचे जाळे दिसले. ते किती खोल गेले आहे हे कळेना, म्हणून एमआरआय ठरला. या तपासणीत क्ष-किरण नसतात. चुंबकीय क्षेत्र व रेडिओलहरींनी चित्र उमटते. बाळ हलू नये म्हणून अनेकदा गुंगी देतात. येथे दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, कान झाकून निजवले. वाळे, मनगट्या, दुपट्याची टाचणीसुद्धा बाहेर राहिली. आजी बोटांच्या पेरांवर नवकार मोजत बसल्या. आजोबांना हे न कापता पारखणे पटले. सोने कसाला लावले तरी थोडे झिजतेच.

गाठीत वेगाने वाहणाऱ्या रक्ताच्या काळ्या रेषा दिसल्या, भोवतीचा भाग शाबूत होता. निदान हिमँजिओमा, कर्करोग नव्हे. शस्त्रक्रिया टळली. हृदयविकारावरचे जुने प्रोप्रॅनोलॉल अशा गाठी आटवते, हे २००८ साली फ्रान्समधील बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवले होते. तेच देखरेखीखाली सुरू झाले. आजोबा दरमहा गाठीचे माप रोजमेळाच्या मागच्या पानावर लिहितात. उतरता आकडा पाहून ते प्रथमच सुखावले.