पाण्यात उभी गाडी

निसर्गचित्र शांत दिसावं म्हणून आम्ही चित्रकार बहुधा त्यातली माणसं गाळतो. एक झाड, थोडं पाणी, मागे निळसर डोंगर. असं चित्र पुष्कळदा नुसतं रिकामं होतं. जॉन कॉन्स्टेबलचं १८२१ सालचं ‘द हे वेन’ मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. इंग्लंडमधल्या सफक परगण्यातला, स्टूर नदीकाठचा हा देखावा. बाजूलाच त्याच्या वडिलांची गिरणी होती. चित्र कमालीचं शांत आहे आणि त्यात जो तो कामात आहे. घराशी एक बाई पाण्यावर वाकलेली, पलीकडे झुडपांत मासे पकडणारा, दूर कुरणात गवत कापणारे मजूर. मधोमध रिकामी गाडी पाण्यात उभी. उन्हाळ्यात चाकाचं लाकूड आकसतं, लोखंडी धाव सैल होते. पाण्यात लाकूड फुगलं की ती पुन्हा आवळून बसते. गाडी थांबण्यामागे तेही कारण असावं. ही शांतता कामातल्या विसाव्याची आहे.

रंगांत तर शिकण्यासारखं किती! सगळीकडे हिरवा, पण एक हिरवा दुसऱ्यासारखा नाही. त्यात घोड्यांच्या साजावर लाल रंगाचे अगदी थोडे ठिपके. ते बोटाने झाकून पाहा, सगळी हिरवाई मलूल होते. पाण्यावरचे पांढरे फटकारे जवळून ओबडधोबड दिसतात आणि चार पावलं मागे सरलं की चकाकतात. आभाळही नुसती पार्श्वभूमी म्हणून उरत नाही. खालचा सगळा उजेड तिथूनच उतरलेला आहे.

हे चित्र त्याने लंडनच्या स्टुडिओत, जुन्या रेखाटनांवरून रंगवलं. आधी त्याच आकाराचा तैलरंगातला कच्चा आराखडा केला. त्यात काठावर कुत्र्याजवळ घोड्यावर बसलेली एक आकृती आहे. पक्क्या चित्रात ती नाही. ती काढल्यामुळे नजर न अडखळता गाडीपर्यंत पोचते. माणसं राखावीत, पण कुठलं माणूस काढायचं हेही कळावं, ते हे असं. १८२४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात या चित्राला सुवर्णपदक मिळालं.

चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, आराखडा त्याच शहरातल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात. कधी जाणं झालं, तर आधी आराखडा पाहा आणि मग चित्रासमोर उभे राहा.