निळं दार

आमच्या दुकानातल्या उधारीच्या वहीत एक पान असं होतं, ज्यावर गिऱ्हाइकाचं नाव नव्हतं. नावाच्या जागी पप्पांनी लिहिलं होतं, ‘निळं दार’. खाली तारखा आणि नोंदी. चहा पावडर पाव किलो, तूरडाळ अर्धा किलो, गूळ, काडेपेटी, पुन्हा तूरडाळ. मध्येच कुठेतरी ‘जमा २०’, ‘जमा ५०’. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. म्हणजे ॲप लोकांच्या हातात जायच्या आधी त्यातल्या चुका शोधते. पण माझ्या कामातली सगळ्यात मोठी चूक मला या पानाने दाखवली, आणि ती चूक माझीच होती.

कराडच्या एका जुन्या पेठेत आमचं किराणा दुकान आहे. दहा बाय बाराचं. शाळेतून आले की दप्तर तांदळाच्या पोत्यावर टाकायचं आणि काउंटरला उभं राहायचं, हा माझा नेम. दिवसातून वीसेक वेळा एक वाक्य कानावर पडायचं, “मांडून ठेवा.” पप्पा मान हलवायचे आणि वहीत लिहायचे. दिवाळीला लक्ष्मीपूजनाला नवी वही यायची, पहिल्या पानावर ‘श्री’ निघायचं, आणि जुन्या वहीतल्या बाक्या नव्या वहीत उतरवल्या जायच्या. हे उतरवण्याचं काम आठवीपासून माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर बरं होतं.

दुकानाला सगळं कळतं. साखर एकदम वाढली की घरी पाहुणे आलेत. शेंगतेलाच्या जागी पाम तेल आलं की पगार थकलाय. लिमलेटच्या गोळ्या बंद झाल्या की मूल मोठं झालं. मला लहानपणी या माहितीचा अभिमान वाटायचा. पुढे तिचीच धास्ती वाटायला लागली. बायका सॅनिटरी पॅड घ्यायला आल्या की बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत उगाच साबणाचा वास घेत उभ्या राहायच्या. मग मला खूण करायच्या. मी पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरा बांधून द्यायचे. मला स्वतःला लागायला लागले तेव्हा मी फळीवरून पाकीट उचलायचे आणि पप्पा त्या क्षणी काट्याची वजनं पुसायला घ्यायचे. वजनं स्वच्छच असायची.

त्यामुळे पुण्यात आल्यावर पहिल्यांदा ॲपवरून सामान मागवलं, तेव्हा मला काय सुटल्यासारखं वाटलं ते सांगता येणार नाही. मी काय नेते, किती नेते, रात्री अकराला मॅगी का मागवते, हे बघायला समोर कोणी नव्हतं. दार उघडायचं, पिशवी घ्यायची, दार लावायचं. ‘पूर्वीचा वाणी कसा आपुलकीने विचारायचा’ असं कोणी लिहिलं की मला थोडं हसू येतं. त्या विचारण्याला उत्तर द्यावं लागायचं, हे लिहिणाऱ्याला आठवत नसतं.

दुकानाच्या कोपऱ्यात आणखी एक छोटं काउंटर होतं. माझ्या चुलतभावाचं. वर पाटी, ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’. एक जुना कॉम्प्युटर, एक कार्ड रीडर, आणि डेस्कटॉपवर फोल्डर: भक्ती, भीमगीतं, लावणी, जुनी हिंदी, डीजे, लग्न. दोन जीबीचं कार्ड तीस रुपयांत भरून मिळायचं. गाणी कुठून आली असं कोणी विचारत नव्हतं. गाणी चोरीचीच होती. पण दादाचं खरं भांडवल गाणी नव्हती. कोणाला काय भरून द्यायचं, हे त्याला माहीत होतं. वाशीच्या मार्केटला भाजी घेऊन जाणारा एक ड्रायव्हर नुसता म्हणायचा, “रात्रभर डोळा लागू नये असं भर.” दादा त्याला डीजे आणि जुन्या कव्वाल्या आलटून पालटून भरून द्यायचा. कोण दबक्या आवाजात ‘दुसरं काही’ मागतं, तेही त्याला माहीत होतं. तो ते कुठे बोलला नाही.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. डेटा फुकट, कॉल फुकट. गणपती बसला त्याच दिवशी, आणि दिवाळीपर्यंत दादाच्या काउंटरला गिऱ्हाईक उरलं नाही. जे गाणं मिळवायला तीस रुपये आणि अर्धा तास लागायचा ते आता रस्त्यात उभं राहून ऐकता येत होतं. पाठोपाठ ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली, आणि आमच्या काउंटरचे सुटे पैसे संपले. यूपीआय त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेलं होतं, पण आमच्या पेठेत त्याचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. आमच्या दुकानात क्यूआर कोडचा स्टिकर लागला तो २०१८ मध्ये. दादाने पाटी उतरवली आणि त्याच जागी मोबाईलची कव्हरं आणि टेम्पर्ड ग्लास लावली. तो ड्रायव्हर नंतर एकदा ग्लास बसवायला आला होता. म्हणाला, “आता फोनच लावतो एकामागून एक. बरा लावतो. पण तू निदान मधेच जाहिरात घालत नव्हतास.”

मग २०२० चा मार्च आला. मी लॅपटॉप घेऊन घरी आले. किराणा अत्यावश्यक सेवेत, त्यामुळे दुकान ठरलेल्या वेळात उघडं. दारासमोर चुन्याची वर्तुळं, लोक त्यात उभे. कामं बंद, म्हणून सगळ्यांचं एकच, “मांडून ठेवा.” पप्पा मांडत गेले. मे महिन्यात डिस्ट्रिब्युटरचा माणूस म्हणाला की आता माल रोखीवरच मिळेल. त्या रात्री मी वहीची बेरीज केली. एक लाख बारा हजार रुपये बाहेर होते. पप्पांचा चेहरा बघून मी ठरवलं की आपल्याला येतं ते करायचं.

मी त्यांच्या फोनवर उधारी लिहायचं एक ॲप घातलं. गिऱ्हाइकाचं नाव, नंबर आणि बाकी टाकायची. नोंद झाली की गिऱ्हाइकाला आपोआप एसएमएस जातो, खाली पैसे भरायची लिंक. दोन रात्रींत मी त्रेसष्ट खाती चढवली. नंबरांचा प्रश्न नव्हता, कारण लॉकडाऊनमध्ये लोक सामानाच्या याद्या व्हॉट्सॲपवर पाठवत होते. काही पानांवर नावं नव्हती, खुणाच होत्या. ‘शिवणकाम’, ‘वरची आजी’, ‘निळं दार’. मी आईला विचारलं, आईने पोळ्या लाटता लाटता सांगितलं. निळं दार म्हणजे मागच्या बोळातलं घर. त्या घरातून यादी यायची तो नंबर माझ्याकडे होता. मी नाव टाकलं, नंबर टाकला, २,३४० टाकले आणि सेव्ह केलं.

तो नंबर तिच्या नवऱ्याचा होता.

तो संध्याकाळी आला. वर्तुळात उभा राहिला, मास्क लावून. आवाज चढवला नाही. फोन पुढे धरून म्हणाला, “हे काय हाय, मालक? आमी तर रोख नेतो.” पप्पांनी मेसेज वाचला. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, “चुकून गेलंय. दुसऱ्याचं खातं आहे. पोरीनं नवीन टाकलंय फोनवर, घोळ झाला.” तो मेसेजकडे बघत होता. त्यात त्याच्या बायकोचं नाव मराठीत, बरोबर काना-मात्रेसह लिहिलेलं होतं. अक्षर माझं बरं होतं ना.

तो गेल्यावर पप्पांनी मला सांगितलं. तिची आई दोन बोळ पलीकडे एकटी राहायची. माहेरी काही द्यायचं म्हटलं की नवऱ्याला खपत नव्हतं. ही साड्यांना फॉल-बिडिंग करून दहा-वीस रुपये बाजूला ठेवायची आणि आमच्याकडे आईसाठी डाळ-चहा मांडून न्यायची. नेहमीच्या गिऱ्हाइकांना पप्पा एक छोटी वही द्यायचे, दोन्हीकडे नोंद असावी म्हणून. ती हिने घेतली नव्हती. घरात सापडली असती. आणि आमच्या वहीत तिचं नाव नव्हतं, कारण काउंटरवर वही उघडी असते आणि उभ्या माणसाची नजर जाते. मी विचारलं, “मला आधी का नाही सांगितलं?” पप्पा म्हणाले, “सांगायचं नव्हतं म्हणून तर नाव लिहिलं नव्हतं.”

आठ-दहा दिवसांनी ती आली. काउंटरवर पैसे ठेवले, दोन हजार तीनशे चाळीस, मोजून. कुठून आणले ते पप्पांनी विचारलं नाही. मी आत पुड्या बांधत होते, बाहेर आले नाही. त्यानंतर ती आमच्या दुकानात आली नाही. तिच्या आईला सामान कोण देत होतं, मला माहीत नाही. एकदा पप्पा दुपारी दुकान बंद झाल्यावर पिशवी घेऊन त्या बाजूला जाताना दिसले. मी ते विचारलं नाही, त्यांनी ते कुठल्याच वहीत लिहिलं नाही.

आता दुसरी बाजू. त्या ॲपमुळे दोन महिन्यांत निम्म्याहून जास्त उधारी वसूल झाली. जे तोंडावर मागितल्यावर “बघू की” म्हणायचे, त्यांनी मेसेज आल्यावर गुपचूप पैसे पाठवले. डिस्ट्रिब्युटरचं देणं फिटलं, माल आला, दुकान वाचलं. त्रेसष्टपैकी बासष्ट खात्यांत ॲपने चोख काम केलं. टेस्टिंगमध्ये असा निकाल आला तर आम्ही एकमेकांना चहा पाजतो.

पण त्या त्रेसष्टाव्या खात्याने मला एक गोष्ट शिकवली. आपली सगळी ॲपं असं धरून चालतात की एक नंबर म्हणजे एक माणूस. आमच्या पेठेत एक नंबर म्हणजे एक घर. आणि घरात एकच माणूस राहत नसतो. एकाच फोनवर सासूचं किर्तन असतं, नातवाचे गेमचे व्हिडिओ असतात, सुनेने बघितलेल्या नोकरीच्या जाहिराती असतात, आणि पुढच्या सकाळी फोन ज्याच्या हातात असेल त्याला ‘तुमच्यासाठी’ म्हणून या सगळ्यांची खिचडी पुढे येते. फोनला आपण आवडीनिवडी सांगतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो घरातल्या एकाचं गुपित दुसऱ्याला सुचवत असतो. ऑफिसात कुठलीही नोटिफिकेशन तपासायला आली की मी आता पहिला प्रश्न हाच विचारते, “हे कोणाच्या हातातल्या फोनवर वाजणार?” सुरुवातीला सगळे वैतागायचे. आता निदान थांबून उत्तर देतात.

नोंद ठेवण्याला माझी हरकत नाही. वहीसुद्धा नोंदच होती. प्रश्न ती कोण वाचणार हा आहे. २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकातल्या कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या, आणि बंगळुरात टपऱ्यांवरचे क्यूआर कोड उतरले, ‘फक्त रोख’ असे कागद लागले. बातमी वाचून पप्पांनी चष्म्यावरून आमच्या स्टिकरकडे बघितलं. आमची उलाढाल काही मालाच्या चाळीस लाखांच्या मर्यादेला पोचत नाही. तरी ते म्हणाले, “म्हणजे आपल्या गल्ल्यात आता आपणच बघतो असं नाही.” निळ्या दारातल्या बाईला हे पाच वर्षं आधी कळलं होतं.

आता दुकानात साउंडबॉक्स आहे. पैसे आले की रक्कम मोठ्याने सांगतो. २०२४ च्या दिवाळीला मी घरी होते, काउंटरला उभी होते. एक बाई आल्या. मी आधी ओळखलंच नाही, चार वर्षांत केस पांढरे झाले होते. म्हणाल्या, “अर्धा किलो तूरडाळ दे. आणि चहा पावडर, पाव.” हातात स्वतःचा फोन होता, कोपऱ्यात काच तडकलेला. त्या उन्हाळ्यानंतर लाडकी बहीण योजनेचे दीड हजार बायकांच्या स्वतःच्या खात्यावर येऊ लागले होते. त्यासाठी बोळातल्या कितीतरी जणींनी बँकेत खाती उघडली, नंबर जोडून घेतले, दादाच्या काउंटरवरून फोनला कव्हरं घातली. त्यांनी स्टिकरसमोर फोन धरला, एका बोटाने आकडे दाबले. साउंडबॉक्स भर दुकानात ओरडला.

त्या दचकल्या. “असं सगळ्यांम्होरं वराडतंय व्हय हे?”

पप्पा मागे गोणी उसवत होते. ते उठून आले, बॉक्सच्या कडेचं बटण तीन-चार वेळा दाबलं आणि आवाज पार खाली आणला. तेव्हापासून तो तेवढाच आहे. रक्कम ऐकायला पप्पांना कान जवळ न्यावा लागतो.

मी डाळ बांधत होते. माफी मागायची म्हणून शब्द जुळवत होते, पण दुकानात आणखी दोन माणसं होती. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “पुण्याला असतीस न्हवं? काय करतीस?”

“ॲप तपासते,” मी म्हटलं. “त्यात चुका असतात, त्या शोधते.”

“घावतात का?”

“उशिरा घावतात, काकू.”

त्या काही बोलल्या नाहीत. डाळ आता कोणासाठी नेतात, ते मी विचारलं नाही. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, पैसे गेल्याचा बँकेचा मेसेज. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचला, फोन कमरेच्या पिशवीत ठेवला, नाडी ओढली आणि सामान उचललं.