खडूची वाट

आयुष्याची चौतीस वर्षे मी खडू हातात धरून काढली. भूगोलाचा मास्तर होतो. ‘दक्षिण इंग्लंडात खडूच्या गोलसर टेकड्या आहेत, त्यांना डाऊन्स म्हणतात’ हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, त्याची गणती नाही. मौज अशी, की ज्याला ‘डाऊन’ म्हणतात त्यावर चढावे लागते, हे मला निवृत्तीनंतर आठ वर्षांनी, सायकलवर बसल्यावर कळले.

आमची लेक नोकरीनिमित्त रेडिंगला असते. गेल्या मे महिन्यात तिच्याकडे गेलो होतो. दोन दिवस बागेतली फुले पाहण्यात गेले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “बाबा, उद्या ग्रॅव्हलला जायचे.”

ग्रॅव्हल म्हणजे खडी! आपल्याकडे रस्त्यावर खडी दिसली, की रस्ता व्हायचा आहे असे समजून मनुष्य वाट वाकडी करतो. आणि ही मुलगी बरा डांबरी रस्ता सोडून मुद्दाम खडीवर सायकल न्यायला निघाली होती! पण या खडीची खरी गंमत पुढेच आहे. हा शब्द अमेरिकेतला. तिकडे कॅन्ससच्या बाजूला मैलोगणती खडीचे रस्ते आहेत, त्यांवर शर्यती सुरू झाल्या आणि त्यासाठी निराळी सायकल निघाली. सायकल इंग्लंडात आली, नावही आले, खडी तेवढी आली नाही. त्या दिवशी मी खडू पाहिला, चिखल पाहिला, गवत पाहिले, मेंढ्यांच्या लेंड्या पाहिल्या. खडी मात्र मोटार उभी करायच्या जागी होती तेवढीच!

नाव नवे असले तरी वेड जुनेच. 1955 साली लेमिन्स्टर गावातल्या एका पबमध्ये काही सायकलवेडी मंडळी जमली आणि डांबर सोडून आडवाटांनी हिंडणाऱ्यांची ‘रफ स्टफ फेलोशिप’ त्यांनी काढली. ती अजून चालू आहे.

आम्ही मोटारीवर दोन सायकली बांधून वाँटेज गावी गेलो. हे आल्फ्रेड राजाचे जन्मगाव. 849 साली तो येथे जन्मला आणि आता बाजारचौकात दगडाचा होऊन उभा आहे. त्याच्या साक्षीने लेकीने माझ्या स्वाधीन केलेली सायकल मी न्याहाळली. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले, टायर चांगले दोन बोटे रुंद. कॅरिअर नाही, स्टँड नाही.

“ट्यूब किती हवा घेते?” मी जाणकारासारखे विचारले.

“ट्यूबच नाही, बाबा. आत चीक भरलेला असतो. भोक पडले की तोच बुजवतो.”

माझ्या पिढीने घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधण्यात निम्मे तारुण्य घालवले. मी गप्प बसलो.

गाव संपताच चढ लागला. दोन्ही बाजूंना पांढऱ्या फुलांनी लदलेली काटेरी कुंपणे होती. एका फाटकापाशी खांबावर निळा बाण दिसला. लेकीने थांबून मला धडा दिला. पिवळा बाण म्हणजे पायवाट, तिथे सायकल चालवायचा हक्क नाही. निळा म्हणजे घोडेवाट. 1968 च्या कायद्याने या घोडेवाटांवर सायकलवाल्यांनाही हक्क मिळाला, पण एका अटीवर : चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. सरकारी नकाशात या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. वाट एखाद्याच्या खाजगी शेतातून गेली, तरी मालकाला तुम्हांला अडवता येत नाही. फाटक मात्र जसे सापडले तसेच सोडायचे : उघडे असेल तर उघडे, लावलेले असेल तर लावून.

“आणि नवी वाट कशी होते?” माझ्यातला मास्तर जागा झाला.

“लोक वीस वर्षे उघडपणे, कोणी न अडवता चालले, तर कायदा बहुधा ती वाट लोकांची धरतो. मालकाला नको असेल तर त्याने वेळीच तशी पाटी लावायची.”

ही पाटी पुढे दिवसभर माझ्या डोक्यात राहिली.

धापा टाकीत टेकडीच्या माथ्यावर पोचलो आणि रिजवे समोर आली. माथ्यामाथ्याने जाणारी ही वाट पाच हजार वर्षे तरी चालू आहे असे मानतात. आज तिची लांबी 139 किलोमीटर भरते, आणि पश्चिमेकडच्या निम्म्या भागात सायकलीला मुभा आहे. उजव्या हाताला खोल खाली हिरवी दरी, डाव्या हाताला एकामागून एक टेकड्यांच्या लाटा, वर चंडोल गातो आहे आणि पायांखाली पांढरी शुभ्र वाट. मी उतरलो आणि एक खडा उचलून तळहातावर घासला. शाळेतला खडू बहुतेक जिप्समचा असतो. हा अस्सल! दहा-एक कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचा. चौतीस वर्षे ज्याचे नाव सांगितले, त्याची आज ओळख झाली.

समोरून दोन घोडेस्वार बाया आल्या. लेक कडेला थांबली आणि दुरूनच मोठ्याने “गुड मॉर्निंग” म्हणाली. त्या गेल्यावर तिने सांगितले, की हा केवळ शिष्टाचार नव्हे. सायकलवर बसलेले हे काय जनावर आहे, असे वाटून घोडा बुजतो. आवाज ऐकला, की हा माणूसच आहे अशी त्याची खात्री पटते.

रात्री पाऊस पडून गेला होता. चिखलात मोठ्या चाकांच्या खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. चाकोरीबाहेर पडावे, असे आपले लेखक सांगत असतात. त्यांनी ओल्या खडूवर सायकल चालवलेली नसावी. मी चाकोरीबाहेर पडायला गेलो आणि नुसताच पडलो. ओला खडू लोण्यासारखा असतो. पुढचे चाक सरकले आणि मी डाव्या कुशीवर आडवा झालो.

लेक मागे वळली. सायकल आडवी टाकून माझ्याजवळ आली, मनगट हलवून पाहिले, गुडघा दाबून पाहिला. “लागले का?” एवढेच विचारले. नंतर माझी सायकल उभी करून म्हणाली, “या. बसा पुन्हा.”

वाचकहो, मला लागले ते तेव्हा.

ती आठवीत असताना तिच्याकडे लाल सायकल होती. एका संध्याकाळी शाळेच्या वळणावर ती पडली आणि मनगटाचे हाड मोडले. आठवड्याच्या आत मी ती सायकल विकून टाकली. रस्ते चांगले नाहीत, रहदारी वाढली आहे, अशी कारणे मी सांगितली. ती खोटी नव्हती, पण खरे कारण माझी भीती हेच होते. प्लॅस्टर निघाले तेव्हा घरात सायकल नव्हती. ती रडली नाही, भांडली नाही. रिक्षाने शाळेत जाऊ लागली. मी माझी पाटी लावून मोकळा झालो होतो.

मी पुन्हा सायकलवर बसलो. थोड्या वेळाने मागच्या चाकातून फुस्स आवाज आला. या खडूत गारगोटीच्या गाठी असतात, त्यांच्या कपच्या सुरीसारख्या धारदार. पांढरा चीक टायरातून उडू लागला. लेक म्हणाली, “थांबू नका, चाक फिरू दे.” चाक फिरले तसे भोक बुजले. हे औषध मला फार आवडले.

व्हाइटहॉर्स टेकडी 261 मीटर उंच आहे. तिच्या उतारावर, गवत काढून खणलेल्या चरांत कुटलेला खडू भरून, 110 मीटर लांबीचा घोडा रेखला आहे. 1990 च्या सुमारास शास्त्रज्ञांनी चरांतली माती तपासली. तिच्यावर अखेरचे ऊन केव्हा पडले, ते त्यांना काढता येते. घोडा इसवी सनापूर्वी 1380 ते 550 या काळातला ठरला. आम्ही त्याच्या डोक्याशी उभे होतो, आणि आम्हांला घोडा दिसत नव्हता! दिसत होते ते दोन-चार पांढरे पट्टे. पूर्ण घोडा पाहायला दूर खाली दरीत जावे लागते. माणसांचेही असेच असते. आपली माणसे तर फारच जवळ असतात.

पण मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. थोडी वर्षे हयगय झाली, तर गवत या घोड्याला गिळून टाकील. पूर्वी गावोगावचे लोक जमून त्याची साफसफाई करीत आणि त्या निमित्ताने जत्रा भरे. आज स्वयंसेवक गुडघे टेकून हातोड्यांनी ताजा खडू ठोकतात. म्हणजे तीन हजार वर्षांत अशी एकही पिढी झाली नाही, जिने हे काम सोडले. घोडा हातांनी जगला आणि वाट पायांनी. मोडली तर दुरुस्त करायची, बंद करायची नाही.

तिथून थोड्या अंतरावर वेलँड्स स्मिदी आहे. उंच झाडांच्या सावलीत मोठमोठ्या शिळांचे, साडेपाच हजार वर्षांपूर्वीचे थडगे. लोककथा अशी, की येथे अदृश्य लोहार राहतो. घोडा बांधावा, शिळेवर चांदीचे नाणे ठेवून निघून जावे. परत यावे तो घोड्याला नाल ठोकलेला असतो.

मी खिशातून एका पौंडाचे नाणे काढले. लेक म्हणाली, “बाबा, जुन्या दगडांवर नाणी ठेवू नयेत.”

“मग हे तू घे,” मी म्हणालो, “लाल सायकलीचे.”

तिने नाण्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. ती वीस-बावीस वर्षांत या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती. नाणे मुठीत घेऊन तिने विचारले, “आणि व्याज?”

दोघेही हसलो. डोळे पुसायला रुमाल हवा होता, तो चिखलाने भरलेला होता.

परत निघताना ती म्हणाली, “आता तुम्ही पुढे व्हा.” मी पुढे झालो. प्रत्येक चाकोरी दिसताच मागे न पाहता ओरडत होतो, “जपून गं!” जुनी सवय, ती कुठली जायला? पण ‘उतर’ असे मात्र एकदाही म्हणालो नाही.