चाळणीखाली कोण पडलं?

मी बी.कॉम. झालेला कारकून. नोंदी आणि बेरजा यांतच वीस वर्षे गेली. मागच्या वर्षी वस्तीतील मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेत जावेत म्हणून सर्वांची यादी संगणकावर चढवली आणि मुलाने शिकवलेल्या साध्या जावास्क्रिप्टमध्ये मीच एक वेबपान तयार केले. विकतचे काही नाही, जोडीला दुसरी लायब्ररी नाही.

रीत सोपी आहे. नाव, इयत्ता, उत्पन्न अशा नोंदी एका यादीत ठेवायच्या. चौकटीत मर्यादा लिहिली की 'फिल्टर' एकेक नोंद तपासतो आणि अटीत बसणाऱ्यांची नवी यादी देतो. मूळ यादीला धक्का लागत नाही. मग पानावरची जुनी नावे पुसायची, नाहीतर नवी त्यांच्याखालीच चिकटतात. 'क्रिएटएलिमेंट'ने ओळ करायची, 'टेक्स्टकंटेंट'मध्ये नाव भरायचे, 'अपेंड'ने ती पानाला जोडायची.

मर्यादा २५०००० घातली. यादी छापून भिंतीवर लावली. संध्याकाळी धुणीभांडी करणारी एक ताई आली.

"भाऊ, माझ्या पोरीचं नाव कसं नाही? पंच्याण्णव हजाराचा दाखला दिलाय की!"

मुदतीला दोन दिवस उरले होते.

रात्री चूक सापडली. चौकटीतून येणारा आकडा हा आकडा नसतोच, ती अक्षरे असतात. माझ्या नोंदींतले उत्पन्नही मी अवतरणचिन्हांत लिहिले होते. दोन्हीकडे अक्षरे असली की जावास्क्रिप्ट शब्दकोशासारखी डावीकडून एकेक अक्षर ताडते. ९५००० मधला ९ हा २५०००० मधल्या २ पेक्षा मोठा, म्हणून पोरगी बाहेर! १२००००० लिहून पाहिले, तर ते बिनदिक्कत आत. गरीब गळला, बारा लाखवाला बसला.

'नंबर'ने दोन्ही बाजूंचे आकडे करून घेतले. त्याआधी स्वल्पविराम काढले; ते राहिले तर आकडाच होत नाही, तुलना खोटी ठरते आणि नाव पुन्हा गुपचूप गळते. दुसऱ्या यादीत एक लाखाच्या आतली कितीतरी घरे वर आली. सगळ्यांचे अर्ज मुदतीत गेले.

आता माझे पान दोन याद्या दाखवते: बसलेल्यांची आणि गळालेल्यांची. दुसरी मी स्वतः, दाखले समोर ठेवून वाचतो. तरुण मित्रांनो, संगणक शिका, जरूर शिका. पण चाळणीवर काय राहिले तेवढेच पाहू नका. खाली कोण पडले, तेही वाकून पाहा.