आधी दिलेले रक्त

आमच्या खानापूर तालुक्यातील माणसे पोटासाठी देशभर पांगली आहेत. सांगली जिल्ह्यातील हा भाग दुष्काळी. आभाळाकडे डोळे लावून बसण्यापेक्षा मूस आणि भट्टी घेऊन परमुलखात जावे, हे आमच्या आधीच्या पिढ्यांनी ओळखले. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या या धंद्याला आम्ही गलाई म्हणतो. देशातील अनेक मोठ्या शहरांच्या सराफ बाजारांत आमचे गलाईवाले भेटतात. चेन्नईच्या सौकारपेठेतील एका अरुंद गल्लीत माझेही असेच एक दुकान आहे. मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून ते चालवतो.

२०१८ सालच्या नोव्हेंबर महिन्यातील गोष्ट. आपल्याकडे थंडीची चाहूल लागते, तेव्हा चेन्नईत ऐन पावसाळा असतो. संध्याकाळी भाऊ मोटारसायकलवरून माल पोहोचवून परत येत होता. वॉल टॅक्स रस्त्यावर पावसात एका मालट्रकने त्याला धडक दिली. मांडीचे हाड मोडले आणि मोठी रक्तवाहिनी फाटली. बाजूच्या चहावाल्याने आपल्या खांद्यावरचा पंचा जखमेवर दाबून धरला आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत हात उचलला नाही. त्या माणसाला ना मराठी येत होते, ना भावाला धड तमिळ.

सेंट्रल रेल्वे स्थानकाजवळच राजीव गांधी शासकीय सर्वसाधारण रुग्णालय आहे. १६६४ साली सेंट जॉर्ज किल्ल्यात आजारी सैनिकांसाठी सुरू झालेले हे रुग्णालय १७७२ पासून आजच्या जागी उभे आहे. चेन्नईकर त्याला नुसते 'जी. एच.' म्हणतात. मी धापा टाकीत तेथे पोहोचलो, तेव्हा भावावर उपचार सुरू झाले होते.

दारातून मला जे दिसले, त्याने माझे पाय लटपटू लागले. भावाचा चेहरा पांढराफटक पडला होता. आमच्या गावाकडे माणसाला नुसती चक्कर आली, तरी आधी सलाईनची बाटली टांगतात. येथे एवढे रक्त वाहून गेलेले आणि सलाईन मात्र जेमतेम चाललेले. चेन्नईच्या त्या दमट उकाड्यात त्याला जाड पांघरुणात गुंडाळलेले. एका परिचारिकेने शिरेतून एक लहानसे इंजेक्शन सावकाश दिले. मग पिशव्या आल्या. त्यांतील एक लालभडक, तर दुसरी पिवळसर. मला त्यातील काहीच उमजेना. मी दारातूनच ओरडलो, "सलाईन जोरात सोडा! आणि रक्त हवे असेल तर माझे घ्या, मी त्याचा सख्खा भाऊ आहे!"

परिचारिकेने वळून विचारले, "तंबीया?" तंबी म्हणजे धाकटा भाऊ, एवढे मला कळत होते. मी मान हलवली. तिने हातानेच बाहेर थांबण्याची खूण केली.

पहाटे शस्त्रक्रिया आटोपल्यावर एक तरुण डॉक्टर बाहेर आले. भाऊ जगेल, असे त्यांनी सांगितले. मग मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "तुम्ही रात्री रागावला होता. बसा, सांगतो." त्यांनी त्या दिवशी थोडक्यात सांगितले, आणि पुढे मी त्याविषयी मिळेल ते वाचत गेलो. रात्री मला ज्या चार गोष्टी विचित्र वाटल्या होत्या, त्या प्रत्येकीमागे अनेकांचे श्रम आणि अनेकांचे प्राण होते.

पहिली गोष्ट सलाईनची. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. ते वाहून गेले की त्या जागी मीठपाणी भरावे, अशी पद्धत पूर्वी जगभर होती. परंतु पाणी प्राणवायू वाहून नेत नाही आणि जखमही बांधत नाही. उलट ताकात पाणी वाढवावे, तसे उरलेले रक्त पातळ होते. शिवाय रक्ताचा दाब एकदम वाढला, तर जखमेवर धरू लागलेली गुठळी निसटते. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातील डॉक्टरांनी १९९४ साली भोसकल्याच्या व गोळीच्या जखमा झालेल्या ५९८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना असे द्रव लगेच दिले, त्यांतील शंभरापैकी ६२ वाचले. ज्यांना ते शस्त्रक्रियेपर्यंत रोखून धरले, त्यांतील शंभरापैकी ७०. प्रत्येक जखमीला हाच नियम जसाच्या तसा लागू होत नाही. तरी बाटलीवर बाटली रिकामी करण्याची सवय तेव्हापासून प्रश्नात सापडली.

दुसरी गोष्ट पांघरुणाची. रक्त गोठण्यासाठी अंगात ऊब लागते. रक्त वाहून गेले की शरीर थंड पडते, रक्तातील आम्लता वाढते आणि गोठण्याची शक्ती मंदावते. त्यामुळे आणखी रक्त जाते, शरीर आणखी थंड पडते. हे चक्र तोडण्यासाठी पांघरूणही औषधाइतकेच मोलाचे ठरते.

तिसरी गोष्ट त्या लहानशा इंजेक्शनची. औषधाचे नाव ट्रानेक्झामिक ॲसिड. उताको ओकामोतो या जपानी शास्त्रज्ञ बाईंनी आपल्या पतीसह १९६२ साली ते जगासमोर आणले. शरीरात धरलेली गुठळी विरघळू न देणे, हे त्याचे काम. अपघातातील जखमींना त्याचा उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी ४० देशांतील २७४ रुग्णालयांत २०,२११ जखमींवर एक संशोधन झाले. भारतातील जखमीही त्यांत होते. निम्म्यांना औषध दिले, निम्म्यांना त्यासारखेच दिसणारे साधे द्रावण. कोणाला काय मिळाले, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. २०१० साली निष्कर्ष आला : औषध मिळालेल्यांत मृत्यू कमी झाले. पुढच्या वर्षी आणखी एक बाब स्पष्ट झाली. हे औषध पहिल्या तासात दिले तर सर्वाधिक गुणकारी. तीन तास उलटल्यावर दिले तर उपकाराऐवजी अपकारच होण्याची भीती.

ते वाचताना मी थबकलो. ज्यांच्या वाट्याला नुसते द्रावण आले, त्यांच्यापैकी कितीतरी जण आज नाहीत. त्यांची आणि औषध मिळालेल्यांची तुलना झाली, म्हणूनच माझ्या भावाला ते इंजेक्शन वेळेवर मिळाले. त्या माणसांची नावे मला कधीच कळणार नाहीत.

चौथी गोष्ट पिशव्यांची. एका माणसाने दिलेले रक्त यंत्रात फिरवून त्याचे घटक वेगळे करतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहतात. पिवळसर द्रवात, म्हणजे प्लाझ्मात, रक्त गोठवणारे पदार्थ असतात. आणि बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, जखमेचे तोंड बुजवतात. आम्ही गलाईवाले मिसळलेले धातू वेगळे करतो, त्यामुळे हे मला चटकन समजले. फार रक्त गेलेल्या माणसाला नुसत्या तांबड्या पेशी देऊन भागत नाही. जे वाहून गेले, ते सर्वच घटक मेळ राखून परत द्यावे लागतात. हा मेळ कसा असावा, याचा अभ्यास अमेरिका व कॅनडातील ६८० रुग्णांवर झाला आणि २०१५ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही घटक सारख्या प्रमाणात दिलेल्यांत पहिल्या दिवशी रक्तस्रावाने दगावणारे कमी होते. एकूण मृत्यूंतील फरक मात्र निर्णायक ठरला नाही. शोध असाच एकेक पाऊल पुढे सरकतो.

डॉक्टर निघून गेल्यावर मी रक्तपेढीत गेलो. तेथील तंत्रज्ञांना म्हटले, "भावाला आता माझेच रक्त द्या." ते हसले. "तुमचे रक्त त्याला देणार नाही," ते म्हणाले, "सख्ख्या नात्यातले रक्त आम्ही शक्यतो टाळतोच." मला वाटले, माझी ऐकण्यात चूक झाली. परंतु त्यांनी कारण सांगितले. परक्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी शरीर ओळखते आणि नष्ट करते. जवळच्या नातलगाच्या पेशी मात्र आपल्याशा वाटल्यामुळे टिकून राहू शकतात आणि त्याच शरीरावर उलटू शकतात. असे क्वचितच घडते, पण घडले तर बहुधा प्राणावर बेतते. आणि काल रात्री तर वाट पाहायला वेळच नव्हता. रक्त घ्यायचे, कावीळ, एड्स, गुप्तरोग, हिवताप यांसाठी तपासायचे, मग द्यायचे. याला तास लागतात. "तुमच्या भावाजवळ काही मिनिटे होती. त्याला वाचवले ते शीतपेटीत तयार असलेल्या रक्ताने."

त्यांनी मला तशीच एक पिशवी दाखवली. तिच्यावर रक्त घेतल्याची तारीख होती. अपघाताच्या नऊ दिवस आधीची. गट लिहिला होता, क्रमांक लिहिला होता, नाव नव्हते.

ती तारीख पाहून माझी मान खाली गेली. आदल्या वर्षी आमच्याच बाजारात रक्तदान शिबिर झाले होते. दोन तरुण पोरे दुकानात बोलवायला आली होती. "भट्टी पेटलेली आहे, कामाचा खोळंबा होईल," असे सांगून मी त्यांना वाटेला लावले. खरे कारण वेगळे होते. रक्त दिल्याने अंगातील ताकद जाते, मग भट्टीसमोर उभे राहवणार नाही, अशी भीती माझ्या मनात लहानपणापासून बसलेली होती. माझ्यासारखेच निमित्त त्या नऊ दिवसांपूर्वी कोणी सांगितले असते तर?

त्याच रात्री भावाच्या शेजारी एक कोवळा पोरगा आणला होता. दूरच्या गावाहून, वाहन बदलत, पाच-सहा तासांनी तो पोहोचला होता. जखम भावाच्या जखमेपेक्षा लहानच होती. त्यालाही रक्त मिळाले, पण उजाडण्यापूर्वी तो गेला. त्याच्या वडिलांचा कोरडा हुंदका मी अजून विसरलेलो नाही. २०२१ च्या डिसेंबरपासून तमिळनाडू शासनाने अपघातग्रस्तांना पहिल्या ४८ तासांत, ठरलेल्या रुग्णालयांत, मोफत उपचार देणारी योजना चालवली आहे. परराज्यातील माणसांनाही ती लागू आहे. तिची बातमी वाचताना मला तो पोरगाच आठवला.

त्या सकाळी मी आयुष्यात प्रथमच रक्त दिले. साडेतीनशे मिलिलिटर, आणि सुईची एक टोचणी. दहा मिनिटे पडून राहिलो, बिस्किटे खाल्ली, चहा प्यालो. ताकद गेली नाही. दुसऱ्या दिवशी भट्टीही पेटवली.

दुपारी गावाहून आईचा फोन आला. "तुझंच रक्त दिलंस ना रे त्याला?" तिने विचारले. एवढे सगळे तिला फोनवर कसे समजावणार? मी म्हटले, "आपल्याच माणसाचं दिलं, आई." तिचे समाधान झाले. आणि बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आले, की मी तिच्याशी खोटे बोललो नव्हतो.

तमिळमध्ये रक्ताला 'रत्तम' म्हणतात. परक्या भाषेतला हा शब्द मला त्या दिवसांत पहिल्यांदा आपला वाटला. आता दुकानातील दिनदर्शिकेवर मी रक्तदानाच्या तारखांवर खूण करून ठेवतो. पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. भाऊ किंचित लंगडतो, परंतु काम नेटाने करतो. स्वतःला रक्त मिळाल्यानंतर वर्षभर त्याला रक्त देता येत नव्हते. ते वर्ष सरल्यावर एका सकाळी माझ्याआधी तोच तयार होऊन उंबऱ्याशी उभा राहिला आणि म्हणाला, "चल दादा, आज माझी पाळी."