बॉक्स रूममधली गिटार

एडिनबरातल्या जुन्या दगडी इमारतींना इथे टेनेमेंट म्हणतात. आपल्या चाळीसारखा एक सामाईक जिना, दोन्ही अंगांना बिऱ्हाडं आणि भिंती अशा जाड की बाहेरचा वारा आत येत नाही, आणि मोबाइलची रेंजही येत नाही. या घरांत बहुतेक वेळा एक बिनखिडकीची खोली असते, तिला बॉक्स रूम म्हणतात. रिकाम्या बॅगा, इस्त्रीचं टेबल, भारतातून आणलेली पण अजून न फोडलेली मसाल्याची पाकिटं, सगळं तिथे कोंबायचं. गेलं वर्षभर आमची बॉक्स रूम म्हणजे सुतारशाळा झाली होती. सहा फूट बाय आठ फूट जागेत मी आणि आमच्या सोळा वर्षांच्या चिरंजीवांनी एक इलेक्ट्रिक गिटार बनवली.

कल्पना त्याची. त्याने ब्रायन मेची गोष्ट वाचली होती. क्वीन या बँडचा हा गिटारवादक. (याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, हे आपल्याकडच्या पुष्कळांना माहीत असतं.) चांगली गिटार परवडत नव्हती म्हणून १९६३ साली ब्रायन आणि त्याचे वडील हॅरल्ड यांनी घरीच एक बनवायला घेतली. मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, स्प्रिंगा मोटरसायकलच्या इंजिनातल्या, आणि फळीवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. त्याच गिटारीवर त्याने पुढे आयुष्यभर वाजवलं.

आता थोडं तंत्र. तंबोऱ्याला भोपळा लागतो, कारण नुसत्या तारेचा आवाज दोन हातांपलीकडे जात नाही. इलेक्ट्रिक गिटारीत ते काम वीज करते. पोलादी तारेखाली चुंबक, त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं आणि आपण बारावीला घोकलेलं तत्त्व ते हेच. याला पिकअप म्हणतात. सुरुवातीला लोकांनी तो पोकळ गिटारीलाच लावला. पण स्पीकरचा आवाज पुन्हा पेटीत शिरायचा आणि शिट्टी मारायचा. मग पेटीच नको, सरळ भरीव फळी वापरा, असं काही जणांच्या डोक्यात आलं. १९५० मध्ये कॅलिफोर्नियाच्या लिओ फेंडरने भरीव फळीला चार स्क्रूंनी मान जोडून गिटार बाजारात आणली. हा गृहस्थ मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती!

आमच्या गिटारीचं अंग आहे सिकमोरचं. हे झाड स्कॉटलंडमध्ये जागोजागी दिसतं. मान मेपलची. आणि बोटं फिरतात ती फळी दुकानातून आली तेव्हा तिच्यावर लिहिलं होतं इंडियन रोझवुड. म्हणजे आपली शिसवी! सांगलीच्या घरी आजीचा पलंग आणि देव्हारा या लाकडाचा होता. इथे आमच्या वाट्याला आलेली फळी अर्धा मीटर लांब, सात सेंटिमीटर रुंद. २०१७ पासून शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाने लागू लागले, तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली. जंगलं किती तुटली त्याचा हा हिशोब. करवत लागताच तिचा गोडसर वास सुटला आणि बॉक्स रूममध्ये दोन दिवस दरवळत राहिला.

त्या फळीत बावीस खाचा पाडायच्या होत्या, प्रत्येकीत एक धातूचा पडदा बसवायचा. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकवता येतात. गिटारीचे एकदा बसले की बसले. त्यांचं गणित मात्र सोपं आहे. तारेची मोकळी लांबी ६४८ मिलिमीटर असेल तर तिला १७.८१७ ने भागा, ३६.३७ आले, तिथे पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागा, दुसरा पडदा. असं करत गेलात की बारावा पडदा बरोबर ३२४ वर, अर्ध्यावर येतो. हे कोष्टक मी पाच मिनिटांत कॉम्प्युटरवर केलं. खाचा पाडायला तीन रविवार लागले. खाच अर्ध्या मिलिमीटरहून जराशी रुंद, करवत सरळ उभी हवी, आणि बाराव्या-तेराव्या पडद्यांत अंतर जेमतेम १८ मिलिमीटर. मी आकडे वाचायचे, त्याने कापायचं, अशी वाटणी आपोआप झाली. त्याचा हात माझ्याहून स्थिर आहे.

राउटर (वायफायचा नव्हे, लाकडात खोबण कोरायचा), क्लॅम्प वगैरे लीथच्या टूल लायब्ररीतून आणले. पुस्तकांऐवजी हत्यारं देणारं हे वाचनालय २०१५ मध्ये सुरू झालं, ब्रिटनमधलं अशा प्रकारचं पहिलं. राउटरचा आवाज भयंकर, म्हणून जिन्यात चिठ्ठी लावली आणि रात्री आठनंतर काम बंद. चिठ्ठी वाचून खालचे आजोबा वर आले. आम्हाला वाटलं तक्रार असणार. ते निवृत्त जॉइनर निघाले. सुताराला इथे जॉइनर म्हणतात. त्यांनी आमची पटाशी अंगठ्यावर फिरवून पाहिली, काही न बोलता खाली नेली आणि धार लावून परत आणून दिली. त्यानंतर दर रविवारी चहाला यायचे. पोरगा रंधा मारत असला की डोळे मिटून नुसता आवाज ऐकायचे आणि सांगायचे, "फळी उलटी धर, रेषेच्या विरुद्ध चालला आहेस."

हे मी पूर्वी पाहिलं होतं, पण मिरजेत. माझी आत्या गाणं शिकायची. तिच्या तंबोऱ्याची जवारी काढायला आम्ही सांगलीहून मिरजेला जात असू. कारागीर घोडीवर कानस हलकेच फिरवायचा, तार छेडायचा, कान लावायचा, पुन्हा कानस. तासभर. तारेने घोडीला नेमकं किती घासावं, की त्यातून तो झंकार उमटेल, हे कुठल्या कोष्टकात नाही. आमच्या गिटारीत हेच काम उलट्या हेतूने करावं लागलं. बावीस पडदे कानशीने एका पातळीत आणायचे, म्हणजे तार कुठेही घासणार नाही. तिथे झंकार हवा, इथे तो दोष. पण कान आणि कानस तीच.

मिरजेचे हे शिकलगार मूळचे तलवारींना धार लावणारे. हत्यारांचे दिवस गेले तसे एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांच्यासारखी माणसं तंतुवाद्यांकडे वळली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मला सांगा, मैफलीत मागे लावलेला तंबोरा कोणी बनवला हे आपण कधी विचारतो का? इथे एडिनबरात सेंट सिसिलियाज हॉल म्हणून १७६३ सालचं संगीतगृह आहे, त्यात विद्यापीठाचा वाद्यसंग्रह ठेवलाय. तिथलं एक गाजलेलं हार्पसिकॉर्ड ओळखलं जातं ते बनवणाऱ्याच्या नावाने, पास्कल तास्काँ, १७६९. वाजवणारे कोण कोण होते, ते नंतर.

आपल्याकडे शहाणपण डोक्यात असतं आणि हात फक्त सांगितलेलं करतात, अशी समजूत आहे. आम्ही इंजिनिअरिंगला असताना पहिल्या वर्षी वर्कशॉप असायचं. वर्गातल्या निम्म्या मुलांचे जॉब वर्कशॉपमधले मामा चहाच्या बदल्यात कानस मारून पुरे करून द्यायचे. पदवी आम्हाला मिळायची. दहावीला मार्क कमी पडले की आयटीआय, हे तर घराघरात ऐकलेलं.

हे सगळं लिहायला सोपं आहे. अवघड गोष्ट फेब्रुवारीत झाली. गिटार पुरी झाली, तारा चढल्या, सहा तारांचा मिळून पंचेचाळीस किलोच्या आसपास ताण मानेने सोसला, आणि चिरंजीव म्हणाले, "बाबा, मला युनिव्हर्सिटीत नाही जायचं. जॉइनरीची अप्रेंटिसशिप करायची आहे."

इथे स्कॉटलंडमधल्या मुलांची पदवीची फी सरकार भरतं. फोनवर आई आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अरे, फुकट शिकायला मिळतंय आणि हा सुतार होणार? त्यासाठी गेलात का तिकडे?" हॅरल्ड मे आठवले. मुलाबरोबर दोन वर्षं खपून गिटार बनवली, आणि त्याच मुलाने बँडसाठी पीएच.डी. सोडली तेव्हा फार दुखावले. (ती पीएच.डी. ब्रायनने २००७ मध्ये पुरी केली. वडील तोवर हयात नव्हते.)

मी खालच्या आजोबांना विचारलं. त्यांनी गोडगोड काही सांगितलं नाही. म्हणाले, गुडघे जातात, थंडीत छपरावर बोटं बधिर होतात, पन्नाशीनंतर खांदा उचलत नाही. मग जरा थांबून म्हणाले, "पण लीथ वॉकवरून चालताना मी बसवलेले दरवाजे मला दिसतात." मी वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. त्यातलं बरंचसं पुसून त्यावर दुसरं लिहिलं गेलंय. त्याबद्दल तक्रार नाही, पण रस्त्यावरून जाताना दाखवण्यासारखं काही नाही, हेही खरं.

मी हो म्हटलंय. ऑगस्टमध्ये तो सुरुवात करेल. आईला पटलेलं नाही आणि तिला पटावं असा हट्टही नाही. तिने भाड्याच्या दोन खोल्यांतून आम्हाला वर काढलंय, तिची भीती मला ठाऊक आहे. बायको म्हणते, नातेवाइकांना सांगताना "वुड टेक्नॉलॉजी" म्हणूया, म्हणजे प्रश्न कमी येतील. दिवाळीत सांगलीला येतोय. प्रश्न येणारच. कोणी विचारलं, मुलगा काय करतो, तर मी सुतारकाम असंच सांगणार आहे.