जिऱ्याच्या बेटाभोवती, आईबरोबर

मागच्या सप्टेंबरमध्ये आई आणि मी दादाकडे माल्टाला गेलो होतो. सिसिलीच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्रातला हा चिमुकला देश. सगळी बेटं मिळून 316 चौरस किलोमीटर. माल्टा आणि गोझो या दोन मोठ्या बेटांच्या मधे कोमिनो नावाचं जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचं बेट आहे. माल्टी भाषेत त्याला ‘केम्मुना’ म्हणतात आणि ‘केम्मून’ म्हणजे जिरे. पूर्वी तिथे जिरं पिकायचं म्हणे. आई लगेच म्हणाली, “म्हणजे जिऱ्याचं बेट! चला, बघून येऊ.”

दादानं रविवारची होडी ठरवली. दिवसभर कोमिनोच्या किनाऱ्यानं रमतगमत फिरायचं, मधेमधे नांगर टाकून पाण्यात उतरायचं. “मी आपली बसून राहीन,” आईनं आधीच जाहीर केलं. मी मात्र ऐटीत होते. इंदूरच्या तलावात तीन वर्षं पोहतेय, न थांबता वीस फेऱ्या मारते. समुद्र म्हणजे मोठा तलावच की!

बुजिब्बाच्या धक्क्यावरून सकाळी निघालो. होडीत आम्ही बाराजण, आणि साठीचा, उन्हानं रापलेला नावाडी. त्यानं नियम सांगितले. इंजिन बंद झाल्याशिवाय कोणी उडी मारायची नाही, चढताना मागची शिडीच वापरायची, खडकांच्या जवळ जायचं नाही. वाटेत सेंट पॉलची बेटं लागली. इसवी सन 60 च्या सुमारास सेंट पॉलचं जहाज इथेच फुटलं, अशी परंपरा आहे. आम्ही इंदुरी शेवेचा पुडा फोडला. नावाड्यानंही मूठभर घेतली आणि डोळ्यांतलं पाणी पुसत आणखी मागितली.

पहिला मुक्काम सांता मारियाच्या गुहांपाशी. पिवळसर चुनखडीच्या कड्याला पाण्यानं पोखरून कमानी केल्या आहेत. मी उडी मारली. पाणी उबदार, स्वच्छ. झपाझप हात मारत तीसेक मीटर गेले आणि खाली बघितलं. तलावात तळाच्या फरशा दिसतात, कडेला भिंत असते. इथे खाली नुसता गडद निळा अंधार. तेवढ्यात एक लाट तोंडावर आली, नाकातोंडात खारं पाणी गेलं. वळून बघते तर होडी नांगराभोवती फिरून भलतीकडेच. श्वास आखूड झाला. हात जोरजोरात मारत होते, पण जागची हलत नव्हते.

“उताणी हो!” होडीवरून आईचा आवाज आला. “हात मारू नकोस! कान पाण्यात घाल, पोट वर कर, आभाळाकडे बघ!”

लहानपणापासून तो आवाज ऐकला की आधी हुकूम पाळायचा, मग विचार करायचा. मी उताणी झाले. आणि काय सांगू, पाण्यानं मला उचलून धरलं. दोन-तीन मिनिटांत श्वास जागेवर आला. नावाड्यानं दोरी बांधलेली कडी फेकली होती, ती धरून परत आले. आई कठड्याला धरून उभी होती, चेहरा पांढराफटक.

“तुला कसं माहीत?” मी विचारलं.

आईचं माहेर महेश्वरचं. अहिल्याबाईंच्या घाटावर, पाठीला भोपळा बांधून आजोबांनी तिला नर्मदेत पोहायला शिकवलं होतं. पहिले कित्येक दिवस हात मारायला बंदीच, नुसतं उताणं पडून राहायचं. “नदीशी भांडायचं नाही, दमलं की तिच्यावर पडायचं, असं म्हणायचे,” ती म्हणाली. लग्न होऊन इंदूरला आली आणि पोहणं संपलं. माझी तीस वर्षं तिच्याबरोबर गेली आणि मला हे माहीत नव्हतं. “तू कधी बोलली नाहीस?” तर म्हणे, “कोणी विचारलं कधी?”

होडी पुढे निघाली. कड्यावर 1618 साली बांधलेला सांता मारिया बुरूज दिसला. माल्टाच्या सरदारांनी समुद्री चाच्यांवर नजर ठेवायला तो उभारला. त्याच्याजवळच क्रिस्टल लगून. तिथे नांगर पडला आणि आई उठली. माझा जादाचा टी-शर्ट घालून, नावाड्यानं दिलेलं जीवरक्षक जाकीट चढवून शिडीनं हळूहळू उतरली. चाळीस वर्षांनी! क्षणभर शिडी सोडवेना. मग सोडली आणि उताणी तरंगू लागली, जणू कालच घाटावर होती.

भूमध्य समुद्राचं पाणी महासागरापेक्षा जास्त खारं, लिटरमागे सुमारे 38 ग्रॅम मीठ. त्यामुळे तरंगणं सोपं जातं. माल्टात बारमाही नदी नाही, म्हणून गाळही नाही. तळाशी पांढरी वाळू असली की पाणी काचेसारखं दिसतं. आई खाली बघून हसली, “अगं, माझी पायाची बोटं दिसतायत! नर्मदेत कधी दिसली नव्हती.”

शेवटी प्रसिद्ध ब्लू लगूनला गेलो. रंग खरंच फोटोतल्यासारखा, पण होड्यांची आणि गाण्यांची इतकी गर्दी की अर्ध्या तासात निघालो. आईचं मन क्रिस्टल लगूनमध्येच राहिलं होतं.

आता इंदूरला सकाळी सहाच्या बायकांच्या वेळेला आम्ही दोघी तलावावर जातो. माझ्या वीस फेऱ्यांचं आईला काही कौतुक नाही. आधी पाच मिनिटं उताणं, निश्चल पडून दाखवायचं, मग फेऱ्या.

समुद्रावर जाणार असाल तर एवढं आधी शिकून घ्या. आणि घरी आईला, आजीला एकदा विचारा, “तू पोहायला कुठे शिकलीस?” कदाचित कोणी विचारण्याचीच त्या वाट बघत असतील.